चूकभूल द्यावी घ्यावी

माझ्या लहानपणी किराणा दुकानदाराच्या बिलाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असे : 'चू. भू. द्या. घ्या.' ते वाचून मला वाटे, चूक ही वाटीभर साखरेसारखी शेजारधर्माची वस्तू असावी. आज दिली, उद्या घेतली. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि कळलं की चूक देणारा एक असतो, घेणारा भलताच असतो, आणि या खात्याचा ताळा काही केल्या जुळत नाही. मात्र याचा पहिला धडा मला अकाउंटन्सीच्या पुस्तकानं दिला नाही. तो दिला एका लोखंडी विंचवानं.

साल १९९८. माझ्या एका मित्राच्या थोरल्या भावानं अमेरिकेहून प्लेस्टेशन आणलं होतं. बरोबर विजेसाठी पाच किलोचा ट्रान्सफॉर्मर आणि 'फायनल फँटसी सेव्हन' नावाचा जपानी खेळ. खेळ कसला, पुराणच ते! तीन तबकड्या होत्या. जपानात तो जानेवारी १९९७ मध्ये आला आणि त्याच सप्टेंबरात इंग्रजी होऊन अमेरिकेत उतरला. त्यातली पात्रं तोंडानं बोलत नाहीत. चौकटीत वाक्यं उमटतात, ती आपण वाचायची आणि त्याप्रमाणे वागायचं. म्हणजे आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकांसारखंच.

सुरुवातीलाच हा यांत्रिक विंचू आडवा येतो. क्लाउड नावाचा नायक आपल्या बॅरेट नावाच्या जोडीदाराला सावध करतो. पहिल्या चौकटीत सांगतो, शेपटी वर असताना हल्ला कर. दुसऱ्या चौकटीत सांगतो, तो लेझरनं उलटा मारा करील. मी आज्ञाधारक मुलगा. नायकानं सांगितलं म्हणून शेपटी वर गेली रे गेली की तलवार हाणायचो. विंचू लेझर सोडायचा. आम्ही आडवे.

मूळ जपानी वाक्याचा भाव असा होता की, शेपटी वर असताना हल्ला केलास तर तो लेझरनं उलटेल. इंग्रजीत येताना मधला 'तर' गळला. इशाऱ्याचा हुकूम झाला. एवढ्याशा 'तर'पायी आम्ही तीनदा मेलो. चौथ्या खेपेला मित्राची आई पोह्यांच्या बशा घेऊन आली, क्षणभर पडद्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, त्याची शेपटी खाली आल्यावर मारा की!" काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे त्यांना दिसत होतं.

या खेळात अशा चुका पुष्कळ आहेत. सर्वांत गाजलेली म्हणजे 'धिस गाय आर सिक'. झोपडपट्टीतल्या एका मोठ्या नळात एक आजारी माणूस पडलेला असतो आणि फुलं विकणारी मुलगी कळवळून नायकाला हे वाक्य सांगते. जगभरचे खेळणारे या वाक्याला अजून हसतात. मला मात्र त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. एक तर माझं इंग्रजी कॉमर्सचं. दुसरं म्हणजे, आपण तरी काय म्हणतो? 'हे गृहस्थ आजारी आहेत.' मला वाटलं, पोरगी संस्कारी आहे, परक्या माणसाला आदरार्थी बोलते! जपानी क्रियापदाला एकवचन-अनेकवचनाची फिकीर नसते, आणि कर्ता तर ते लोक सर्रास गाळतात. घाईत सगळं असं होऊन बसतं.

त्या मुलीचं नावसुद्धा इंग्रजीत 'एरिस' झालं. जपानीत 'थ' नाही, 'स'वर भागवतात. त्यामुळे 'एरिथ' हे खरं नाव २००२ सालच्या दुसऱ्या एका खेळात प्रथम इंग्रजी वाचकांपुढे आलं. तोवर पाच वर्षं लोकांनी तिच्यावर 'एरिस' म्हणून जीव लावला होता. आमच्या शाखेत खातं असतं तर बाईचं केवायसी अडलं असतं.

हे सारं भाषांतर जवळजवळ एकट्या माणसानं केलं, हे मला फार पुढे कळलं. ते कळल्यावर माझा राग गेला. मार्चअखेरीला एकट्यानं काउंटर सांभाळलेल्या माणसाला ते निराळं समजवावं लागत नाही.

पण लोक अशा चुका नुसत्या माफ करत नाहीत, चक्क जपतात. याच मालिकेतल्या १९९१ सालच्या चौथ्या खेळात एक म्हातारा जादूगार आपल्या मुलीला पळवून नेणाऱ्या गवयावर खवळतो आणि त्याला 'स्पूनी बार्ड' म्हणतो. म्हणजे प्रेमात खुळावलेला भाट! शब्द तसा कोशातला आहे. पण लेकीच्या दुःखानं पेटलेला बाप असं बोलेल? पुढे नवी भाषांतरं झाली, तरी हे दोन शब्द हौसेनं ठेवले गेले. लोकांनाच ते हवे होते.

इथे मी अडतो. चुकीवर असं प्रेम करायला मीही तयार आहे. पण मला चौथ्यांदा खेळायची सोय होती, पोहे होते, काकू होत्या.

२०११ साली आमच्या शाखेतला सूचनाफलक माझ्याकडे होता. कारण माझं अक्षर बरं आणि मला नाही म्हणता येत नाही. मुदतठेवींबद्दलची एक सूचना मी लिहीत होतो : 'ठेव मुदतीआधी मोडाल तर व्याज १ टक्का कमी मिळेल.' फळा अरुंद. 'मोडा' इथे ओळ संपली, तेव्हा 'ल तर' मी लाकडी चौकटीवर बारीक लिहिलं आणि पुढचं दुसऱ्या ओळीवर. दुपारी शिपायानं चौकट स्वच्छ पुसली. तीही त्यानं वर्षातून एकदाच पुसलेली असावी.

जवळच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. फलक वाचला, व्याज उतरणार असं समजल्या, आणि शेजारच्या काउंटरवर जाऊन दोन ठेवी मोडल्या. तेराशे आणि काही रुपयांचं नुकसान. दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, वेळेवर सावध केलंत हो!"

मी लाडू घेतला. फळा पुसला. पण बोललो नाही.

आमच्या सौ.चं म्हणणं, सांगून टाका आणि पैसे देऊन या. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी? ती म्हणाली, "मग व्याजासकट द्या." किती टक्क्यांनी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी मला समजावतो की सांगितलं तर बाईंचा माझ्यावरचा विश्वास जाईल आणि या वयात त्या कुणाला विचारतील? हा युक्तिवाद मी ज्या सहजतेनं करतो, त्यावरून तो खोटा असावा.

फळा जाऊन आता रुंद पांढरा फलक आलाय. बाई अजून येतात. काठी टेकवत फलकासमोर उभ्या राहतात, चष्मा सारखा करतात, अन् न वाचताच माझ्याकडे वळतात. परवा रांगेत एक आजोबा घुटमळत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "या भाऊंना विचारा. ते सांगतील तसंच करा. मी डोळे मिटून करते."

आजोबांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी पेनाचं टोपण शोधायला टेबलाखाली वाकलो. टोपण पेनालाच होतं.