गुरूची गादी आणि शिष्यांचा वाटा

8 ऑक्टोबर 1953 रोजी मियागी चोजुन वारले, तेव्हा ओकिनावातल्या गोजू-र्‍यू या कराटे घराण्यापुढे प्रश्न उभा राहिला: आता शिकवायचे कोणी, आणि कोणाच्या अधिकाराने? घराण्याचे संस्थापक मियागीच होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिष्य होते आणि नाहा शहरातल्या त्यांच्या घराच्या अंगणात सराव चालू होता. पण हयातीत त्यांनी एकाही शिष्याला डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, दिलेला नव्हता, आणि सगळ्यांना मान्य होईल असा वारसही मागे नव्हता. ज्याच्याकडे पुढचा आचार्य म्हणून पाहिले जाई, तो शिंझातो जिनान आठ वर्षांपूर्वी, 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत मारला गेला होता.

पुढे जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पोलीस खात्यात नोकरी करणारे आणि ज्यूदोतही तयारीचे असलेले मियाझातो एइची यांनी अंगणातला सराव बंद पडू दिला नाही. काही वर्षांनी नाहाच्या आसातो भागात त्यांनी जुंदोकान हा डोजो, म्हणजे सरावाची शाळा, उभारला आणि मियागींची सरावाची साधने तिथे आली: दांड्याला बसवलेली दगडी वजने, बोटांच्या पकडीने काठाला धरून उचलायचे मातीचे घडे. यागी मेइतोकु यांनी मेइबुकान चालवला. गुरूंचा सरावाचा पोशाख आणि पट्टा मियागींच्या कुटुंबाने 1963 मध्ये त्यांच्या स्वाधीन केला. हिगा सेको या सर्वांहून वडीलधारे. मियागींचे गुरू हिगाओन्ना कानर्‍यो यांच्याकडेही ते शिकलेले होते. तोगुची सेइकिची यांनी शोरेइकान काढला. साधने एकाकडे गेली, पट्टा दुसऱ्याकडे, ज्येष्ठतेचा मान तिसऱ्याकडे. खरा वारसा कोणाकडे, यावर पुढच्या पिढ्यांत वाद झाले आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत.

ही हकीगत सहसा खंत करत सांगितली जाते: गुरूंनी वेळीच एकाचे नाव जाहीर केले असते, तर घराणे दुभंगले नसते. मला ही खंत पटत नाही. पारंपरिक कराटेच्या इतिहासात वारसा एकाच माणसात साठवण्याचा प्रयत्न जेव्हा झाला, तेव्हा तो अपघाताने किंवा मतभेदाने कोलमडला. आणि जे टिकले ते अनेकांनी मिळून सांभाळले म्हणून टिकले. त्यामुळे आचार्याचे पहिले काम वारस निवडणे हे नाही. आपल्या पश्चात एकमेकांच्या चुका दाखवू शकतील असे चार-सहा शिक्षक हयातीत तयार करणे आणि त्यांना हयातीतच जबाबदारी देणे, हे ते काम आहे.

शिंझातोंचेच उदाहरण घ्या. 1930 च्या सुमारास टोकियोतल्या एका प्रात्यक्षिकानंतर त्यांना कोणीतरी विचारले, तुमचे घराणे कोणते? तोवर मियागींच्या विद्येला वेगळे नाव नव्हते. शिंझातोंनी परत येऊन ही गोष्ट गुरूंना सांगितली आणि त्यातून गोजू-र्‍यू हे नाव पुढे आले. घराण्याला नाव मिळण्याचे निमित्त ठरलेला हा शिष्य. सगळी भिस्त त्याच्यावर असती, तर 1945 च्या त्या तीन महिन्यांत घराणेही त्याच्याबरोबर गेले असते. त्या युद्धात ओकिनावातली दर चार माणसांमागे सुमारे एक माणूस मेला. जुन्या पिढीतले थोर शिक्षक क्यान चोतोकुही त्याच वर्षी, लढाई थांबल्यानंतरच्या हलाखीत गेले. डोजो जळाले, कागद जळाले. उरली ती माणसांच्या अंगात मुरलेली विद्या.

ती उरली याचे कारण मियागींच्या शिकवण्यात सापडते. पायाभूत सानचिन हा काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, ते सगळ्यांकडून वर्षानुवर्षे घोटून घेत. त्यानंतर मात्र शिष्याची अंगकाठी आणि स्वभाव पाहून एखाददुसरा काता त्याला खोलात शिकवत, असे या परंपरेत सांगितले जाते. म्हणजे गुरूंकडचे सगळे एकट्या शिष्याकडे क्वचितच एकवटत असे. संपूर्ण विद्या शिष्यांच्या समुदायात नांदत होती. अशा शिकवण्यातून निघालेल्या शाखा वेगळ्या दिसणारच. एका शाखेत दिसणारी हालचाल दुसरीत नसेल, तर कोणीतरी भेसळ केली असे लगेच म्हणण्याचे कारण नाही. प्रत्येकाला मिळालेला वाटा खरा होता. आपला वाटा म्हणजेच सगळी इस्टेट, असे म्हणण्यापासून भांडण सुरू होते.

मुलगा गादीवर बसला की प्रश्न सुटतो, असे अनेकांना वाटते. उएची या ओकिनावातल्या दुसऱ्या कराटे घराण्याने हा मार्ग दोनदा अनुभवला. उएची कानबुन 1897 मध्ये चीनमधल्या फुजो शहरात गेले आणि विद्या घेऊन 1910 मध्ये परतले. त्यानंतर बरीच वर्षे त्यांनी कोणालाच शिकवले नाही. पुढे जपानच्या मुख्य भूमीवर वाकायामा इथे, ओकिनावातून पोटासाठी आलेल्या कामगारांमध्ये त्यांनी शिकवायला सुरुवात केली. 1948 मध्ये ते वारले आणि धुरा मुलाकडे, उएची कानेइ यांच्याकडे आली. हे संक्रमण यशस्वी झाले, पण केवळ रक्ताच्या नात्यामुळे नव्हे. वडील हयात असतानाच कानेइ स्वतः शिकवू लागले होते. वडिलांनी तीन काता आणले होते: सानचिन, सेइसान आणि सानसेइर्‍यू. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना नवशिक्याला मोठी उडी मारावी लागे. कानेइंच्या काळात ज्येष्ठ शिष्यांना बरोबर घेऊन मधल्या पायऱ्या बांधल्या गेल्या आणि काता आठ झाले. नेतृत्व मुलाचे होते, बांधणी सगळ्यांची होती. म्हणून तो अधिकार सगळ्यांनी मानला.

1991 मध्ये कानेइ गेले आणि गादी त्यांच्या मुलाकडे आली. या वेळी ज्येष्ठ शिष्यांपैकी अनेकजण वेगळे झाले आणि त्यांनी शोहेइ-र्‍यू हे नाव घेतले. यात कोणा एकाला दोषी धरण्याची गरज नाही. मुलाला घराचे नाव मिळते, पट्टा मिळतो, डोजोची जागाही मिळते. चाळीस वर्षे ज्यांनी वडिलांबरोबर घाम गाळला त्यांची मान्यता मात्र वारसाहक्काने मिळत नाही, ती प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते. एकाच घराण्यातल्या दोन संक्रमणांतला हा फरक नेतृत्वाबद्दल पुष्कळ काही शिकवतो.

याच्या अगदी उलट वाटेने गेले ते नाकाइमा कुटुंब. र्‍यूएइ-र्‍यू ही त्यांची विद्या पिढ्यानपिढ्या घरातच राहिली. बाहेरच्यांना ती शिकवायची नाही असा दंडक होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाकाइमा केन्को यांनी तो दंडक मोडला. विद्या घराबाहेर दिली नाही तर ती घरातच संपेल, हे त्यांनी वेळेवर ओळखले. त्यांच्याकडे शिकलेले साकुमोतो त्सुगुओ कुटुंबाबाहेरचे. 1980 च्या दशकात ते कात्यामध्ये जागतिक विजेते झाले आणि पुढे शिक्षक म्हणून उभे राहिले. त्यांचा शिष्य कियुना र्‍यो याने ऑगस्ट 2021 मध्ये, टोकियोच्या लांबलेल्या ऑलिंपिकमध्ये कात्याचे सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारा तो पहिला ओकिनावावासी. एकेकाळी भिंतीआड जपलेले काता त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले. पदकाने विद्येची खोली मोजता येत नाही हे मान्य. पण आपल्या घराची मालकी सोडण्याचे धाडस एका आचार्याने दाखवले नसते, तर मोजायला काही उरले असते की नाही, ही शंका रास्त आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. अनेकांकडे अधिकार गेला की जो तो आपले घोडे पुढे दामटतो, दर्जा घसरतो, दहा वर्षांत दहा संघटना निघतात. त्यापेक्षा जपानमधल्या चहाविधीच्या घराण्यांसारखे एकच कुलप्रमुख असावेत, त्यांचा शब्द अखेरचा असावा. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही, कारण फुटीची किंमत खरी आहे. एकाच गुरूचे शिष्य एकमेकांच्या डोजोत पाऊल टाकत नाहीत, आणि वडिलांच्या पिढीचा अबोला मुले निष्ठा म्हणून पुढे चालवतात. यात हानी शिकणाऱ्याची होते.

तरीही एकछत्री व्यवस्था हा त्यावरचा उपाय नाही. कुलप्रमुखाची नजर चुकली तर ती चूक दाखवणारा त्या व्यवस्थेत कोणी उरत नाही. अनेक शाखा असल्या तर तुलना करता येते. मियागींच्या चार शिष्यांच्या शाखांमधला सानचिन शेजारी ठेवून पाहिला, तर सगळीकडे सारखे काय आहे ते कळते, आणि जे सारखे आहे ते बहुधा गुरूंकडून आलेले असते. ओकिनावाच्या प्रांतिक सरकारनेही हेच तत्त्व स्वीकारलेले दिसते. कराटेला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता देताना 1997 मध्ये त्याने तीन वेगवेगळ्या घराण्यांतल्या ज्येष्ठांना वारशाचे धारक ठरवले. नागामिने शोशिन आणि यागी मेइतोकु त्यांपैकी होते. 2000 मध्ये आणखी नावे जोडली गेली. त्यांत मियाहिरा कात्सुया आणि नाकाझातो शुगोरो हे दोघे होते, दोघेही चिबाना चोशिन यांचे शिष्य. चिबाना 1969 मध्ये गेल्यानंतर या दोघांनी आपापल्या स्वतंत्र शाखा चालवल्या होत्या. म्हणजे एकाच गुरूच्या दोन शाखांना एकाच वेळी मान मिळाला, आणि त्याने कोणाचाही मान कमी झाला नाही.

आता वाढीबद्दल. परंपरेत बदल करू नये, असे म्हणणाऱ्यांनी मूळ पुरुषांनी काय केले ते पाहावे. इतोसु आंको यांनी 1901 च्या सुमारास कराटे शाळेत नेले आणि मुलांना झेपावेत म्हणून पिनान हे पाच काता रचले. मियागींनी 1940 च्या सुमारास तरुणांसाठी गेकिसाइ काता तयार केले. कानेइंचे नवे काता वर आलेच आहेत. वाढ प्रत्येक वेळी आचार्याच्याच हातून झाली, आणि ती शिकणाऱ्याची अडचण ओळखून झाली. जुना गाभा कोणी टाकला नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सुकर केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली वाढ निराळी होती. 1972 पर्यंत ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होता. तळांवरचे सैनिक डोजोत येत आणि नेमणूक संपली की मायदेशी परतून तिथे शिकवायला लागत. गुरूंबरोबर घालवलेला काळ तुटपुंजा, हाती ब्लॅक बेल्ट, आणि पुढचे शिष्य हजारो मैल दूर. ज्यूदोकडून घेतलेली डॅनची पद्धत इथे उपयोगी पडली, कारण दूरच्या माणसाला ओळखण्याची काही खूण हवी होती. पण हळूहळू खुणेलाच मोल आले. संघटनांची ताकद शाखांच्या आणि प्रमाणपत्रांच्या संख्येवर मोजली जाऊ लागली. भारतात, महाराष्ट्रातही, कराटे क्लासमध्ये मुलाला घालणारे पालक आधी विचारतात, ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळेल? त्यांना दोष देता येत नाही. आपणच त्यांच्यापुढे मोजण्याची दुसरी पट्टी ठेवलेली नाही.

मला वाटते, वारशाचा प्रश्न आणि वाढीचा प्रश्न इथे एकच होतात. डॅनची संख्या वाढवायला एक सही करणारा पुरतो. शिक्षक वाढवायला मात्र शिक्षकांचीच पिढी लागते. सानचिनची परीक्षा कशी होते? शिष्य उघड्या अंगाने उभा राहतो आणि शिक्षक त्याच्या खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर हाताने थाप देत श्वास, पवित्रा, स्नायूंचा ताण तपासतो. ही तपासणी पत्राने होत नाही आणि ती एका माणसाला हजारोंची करता येत नाही. जिथे तपासणारे हात पुरेसे आहेत तिथपर्यंतच घराणे खऱ्या अर्थाने पसरलेले असते, नकाशावर कितीही देश रंगवलेले असोत.

म्हणून ज्येष्ठ आचार्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा करायला हवी, मग तो नाहातला असो की आणखी कुठला. हातचे न राखता शिकवावे, आणि ते एकालाच नव्हे. अंगात बळ असतानाच वर्गाची सूत्रे इतरांकडे द्यावीत आणि त्यांच्या चुका डोळ्यांसमोर होऊ द्याव्यात, म्हणजे त्या सुधारता येतील. आणि आपल्या पश्चात शिष्य वेगळे झाले तर ते वैर ठरू नये, यासाठी त्यांना एकमेकांच्या डोजोत जायची सवय आधीच लावावी. शिष्यांचेही कर्तव्य आहे: आपल्याला मिळालेल्या वाट्याचा अभिमान बाळगताना, दुसऱ्याचा वाटाही त्याच गुरूने दिला होता हे मान्य करणे.

मियागींच्या मृत्यूला सत्तरहून अधिक वर्षे झाली. त्यांच्या शाखा जगभर आहेत आणि त्यांचा सानचिन आजही ओळखू येतो. एकटा वारस नेमला गेला असता, तर हे सारे त्या एका माणसाच्या कुवतीवर आणि आयुष्यावर अवलंबून राहिले असते. गुरू म्हणून त्यांचे सर्वात मोठे यश हे, की त्यांचे काम पुढे न्यायला एका माणसाची गरज उरली नाही. आजचे आचार्य हे यश दैवावर सोडून न देता ठरवून मिळवू शकतात, आणि त्यासाठी लागणारा वेळ त्यांच्या हयातीइतकाच आहे.