ऐकणाऱ्याचें ऋण

गाणें बरें कीं वाईट हें सांगण्याचा अधिकार श्रोत्याला आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु त्या अधिकारासाठीं त्यानें आधीं कांहीं मोल द्यावयाचें असतें कीं नाहीं, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतों. गेल्या गणेशोत्सवांत संगमेश्वरीं घडलेल्या एका अगदीं लहानशा प्रसंगानें तो माझ्यापुढें उभा केला.

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेलें हें गांव. तेथील एका चहाच्या हॉटेलाच्या मालकानें दुकानामागील आपल्या घरीं गणपति बसविला होता, आणि रात्रीं बांकडीं बाजूस सारून दुकानाच्या पडवींतच जाखडी ठेविली होती. कोंकणांतील वाचकांस जाखडी म्हणजे काय तें सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच सांगतों कीं, ढोलकी-झांजेच्या साथीनें गाणारा शाहीर मध्यभागीं बसतो, आणि पायांत चाळ बांधलेले तरुण त्याच्याभोंवतीं फेर धरून नाचतात. शक्तिवाले व तुरेवाले असे यांत दोन पक्ष आहेत. एक प्रकृतीला श्रेष्ठ मानतो, दुसरा पुरुषाला. जो वाद मी वर्गांत विद्यार्थ्यांच्या जांभया मोजीत शिकवितों, तोच येथें सवाल-जबाबांच्या रूपानें उत्तररात्रीपर्यंत रंगतो! त्या रात्रीं मात्र सामना नव्हता. गांवची एकच मंडळी होती. चहाचे पेले फिरत होते, बाहेर पाऊस लागला होता, आणि मी मानाच्या खुर्चीवर बसून मान डोलवीत होतों.

कार्यक्रम संपल्यावर शाहिराला मीं माझ्या मोटारींत घेतलें. त्याला सकाळीं रत्नागिरीस कामावर हजर व्हावयाचें होतें, आणि माझें घरही तिकडेच. महामार्गाला लागतांच नेहमींच्या संवयीनें मीं एका विख्यात गायकाचें ध्वनिमुद्रित गाणें लाविलें. शेजारीं बसलेला तरुण आपलें पद अजून ओंठांतल्या ओंठांत म्हणत होता, तो थांबला. काय घडलें तें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. बावनदीचा पूल ओलांडल्यावर त्यानें हळूच विचारलें, "सर, आमचं कसं काय झालं?"

"छान झालं," मीं म्हटलें.

तो किंचित् थांबून म्हणाला, "तिसऱ्या पदाला ढोलकी पळाली होती, सर. तुमच्या ध्यानात नाय आलं?"

मीं गाणें बंद केलें. माझी स्तुति खोटी होती; पण त्याचें गाणें वाईट होतें म्हणून नव्हे, तर मीं तें ऐकलेंच नव्हतें म्हणून. तो गात असतां मी मनांत त्याचा आवाज दुसऱ्याच एका आवाजाशीं ताडून पाहत होतों.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें तबकडीवर उतरलें. तेव्हांपासून थोरांतल्या थोराचें गाणें हवें तेव्हां ऐकण्याची सोय आपल्या देशांत होऊं लागली, आणि आज तर तें खिशांत मावतें. हें मोठें भाग्य आहे, आणि तें नाकारणें हा ढोंगीपणा होईल. परंतु ध्वनिमुद्रित गाणें आपल्यापाशीं कांहींच मागत नाहीं. आपण अर्ध्यावर उठून गेलों तरी गाणारा तें पाहत नाहीं. तेथें आपण केवळ परीक्षक असतों, आणि परीक्षकाची ती संवय घेऊनच आपण पडवींत येऊन बसतों. तेथें मात्र समोर बसलेला मनुष्य आपल्याकडे पाहून गात असतो.

मग गांवचें म्हणून सर्वच गोड मानावें काय? मुळींच नाहीं. ढोलकी पळाली तर ती पळालीच. त्या तरुणानें माझ्याजवळ दयेची याचना केली नव्हती; त्यानें साक्ष मागितली होती. तो जें करीत होता, तें मीं पाहिलें कीं नाहीं, एवढेंच त्याला हवें होतें. पोकळ स्तुति आणि पोकळ निंदा या दोहोंचें मूळ एकच. दोहींतही ऐकण्याचे श्रम चुकविलेले असतात; आणि कित्येकदां स्तुतीचीच फसवणूक अधिक, कारण ती सौजन्याचा वेष घेऊन येते.

निवळीचा घाट लागल्यावर मीं विचारलें, "ढोलकी कशी पळाली?" तेव्हां कळलें कीं, ढोलकीवर त्याचा धाकटा भाऊ होता आणि चार लोकांत तो प्रथमच बसला होता. तो बावरून लय वाढवीत गेला. त्याला चारचौघांत थांबविण्यापेक्षां शाहिरानें आपलें पदच त्याच्या लयीवर नेलें, आणि दोन कडव्यांनंतर त्याला हळूहळू ठिकाणावर आणलें. एका भावानें दुसऱ्याला गाण्यांतल्या गाण्यांत सांवरून घेतलें. तें माझ्यापासून चार हातांवर घडलें, आणि मी मान डोलवीत बसलों होतों.

हातखंब्यावरून गाडी रत्नागिरीच्या रस्त्याला वळली, तेव्हां मीं त्याला तिसरें पद पुन्हां म्हणावयास सांगितलें. घसा बसला होता, तरी त्यानें तें म्हटलें. या वेळीं मीं मान डोलविली नाहीं.