होकार कुणाचा, ताट कुणाचे?

एखाद्या पुढाऱ्याच्या धोरणाला लोकांचा पाठिंबा आहे असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? प्रश्न दिसायला सोपा आहे. मते मोजली, सभेची गर्दी पाहिली, की उत्तर हाती आले असे वाटते. परंतु होकार हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटात नाना प्रकार असतात. पाहायला आलेल्या मंडळींपुढे खाली मान घालून बसलेली मुलगी होकार देते, सावकाराच्या ओसरीवर अंगठा उठवणारा शेतकरी होकार देतो, आणि स्नेह्याने ‘चल’ म्हणताच पायांत वहाणा घालणारा माणूसही होकारच देतो. हिशेबाच्या वहीत तिघांची नोंद सारखीच होते. आयुष्याच्या वहीत मात्र ती सारखी नसते.

गरीब देशात हा प्रश्न अधिक बोचतो. संपन्न देशातला राज्यकर्ता लोकांना ‘थोडे सोसा’ म्हणाला, तर एखादी चैन कमी होते. गरीब देशातला राज्यकर्ता तेच म्हणाला, तर ते ‘थोडे’ कोणाच्या तरी ताटातून जायचे असते. म्हणून मला वाटते, अशा देशात होकार देणाऱ्याने एक गोष्ट स्वतःला विचारलीच पाहिजे: होकार माझा आहे, पण ताट कुणाचे?

उदाहरण आपल्याच घरचे घेऊ. १९६५ साली लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते. सीमेवर युद्ध झाले होते, पाऊस रुसला होता, आणि पी. एल. ४८० खाली येणारा अमेरिकेचा गहू आता हात आखडून, थोडा थोडा मिळू लागला होता. १९६४-६५ साली देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकले होते. पुढच्या वर्षी ते सुमारे ७ कोटी २० लाख टनांवर आले. अशा वेळी शास्त्रीजींनी लोकांना आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली. सोमवारची संध्याकाळ ठरली. कायदा नव्हता, दंड नव्हता, तपासायला कोणी शिपाई येणार नव्हता. आपल्या घरची मुले एक वेळ उपाशी राहू शकतात की नाही हे आधी पाहून मगच त्यांनी देशाला हे सांगितले, अशी आठवण त्यांच्या मुलाने पुढे सांगितली आहे.

मी तेव्हा शाळेत जात होतो. आमच्या वाड्यात सोमवारी संध्याकाळी चुली थंड असत. अडचण झाली ती आजीची. ती जन्मभर सोमवारचा उपास करीत आलेली; दिवसभर निरंकार राहायचे आणि संध्याकाळी महादेवाला नैवेद्य दाखवून सोमवार सोडायचा. आता संध्याकाळच देशाला द्यायची, तर उपास सोडायचा केव्हा? बरीच खलबते झाली. शेवटी तिनेच निकाल दिला, ‘दिवस महादेवाचा, रात्र शास्त्रीबुवांची. मंगळवारी सकाळी जेवेन म्हणते!’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती, थोडासा अभिमानच होता. वाड्यात भांडी घासायला येणारी बाई हे ऐकत होती. ती राख झटकत म्हणाली, ‘आजी, आमच्यात सोमवार आठवड्यातनं चारदा येतो.’ तिच्याही स्वरात तक्रार नव्हती. तिने फक्त माहिती दिली.

या दोन वाक्यांच्या मध्ये आमचा सारा प्रश्न उभा आहे. आजीचा होकार खरा होता. तिला नाही म्हणता आले असते, आणि तरी ती हो म्हणाली. पण भांडीवालीला विनंती पोचलीच नव्हती. पोचण्यासारखे तिच्याजवळ काही नव्हते. ज्याच्याकडे सोडायला जेवण आहे त्यानेच ते सोडायचे, हा या विनंतीतला फार मोठा सभ्यपणा होता.

आता थोडा रोकडा हिशेब करू. दोन वेळ जेवणाऱ्या माणसाची आठवड्याची जेवणे चौदा. त्यांतले एक म्हणजे शेकडा सात. देशातल्या प्रत्येकाने, अगदी भांडीवालीनेही, एक वेळ सोडली आणि दुसऱ्या वेळी चार घास जास्त खाल्ले नाहीत, तरी बचत शेकडा सातच्या आसपास. पिकातली तूट होती शेकडा एकोणीसची. म्हणजे सोमवार पाळून पोट भरणार नव्हते. ते भरले १९६६ साली बाहेरून आणलेल्या सुमारे एक कोटी टन धान्याने. आणि पुढे भरले ते मेक्सिकन गव्हाच्या बियाण्याने, पाण्याने, खताने, शेतकऱ्याला भाव बांधून देण्याच्या धोरणाने. अन्नमंत्री चि. सुब्रह्मण्यम् यांची ती खटपट होती. अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग १९६५ च्या जानेवारीतच उभे राहिले होते. १९६४-६५ साली सव्वा कोटी टनांच्या आत असलेला गहू १९६७-६८ साली सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेला.

मग सोमवार व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. परक्या देशाने हात आखडला असता माणसे घाबरली नाहीत, एकमेकांकडे संशयाने न पाहता एकत्र उभी राहिली, याला किंमत आहे. परंतु त्यातला धोकाही ओळखला पाहिजे. त्यागाची हाक देणे सोपे असते, बियाणे मिळवणे अवघड. जो राज्यकर्ता फक्त पहिले करतो आणि टाळ्यांना पाठिंबा समजतो, तो लोकांच्या चांगुलपणावर आपला नाकर्तेपणा झाकतो. १९६५ चा सोमवार शोभला तो त्याच्या पाठीशी मंगळवारपासून रविवारपर्यंतचे काम चालू होते म्हणून.

याच्या जरा आधीचीच दुसरी गोष्ट पाहा. दिवाळीत सोन्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही, म्हणून तीही सोन्याचीच. १९६२ साली चीनने आक्रमण केले आणि राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी हाक आली. बायकांनी हातांतल्या बांगड्या उतरवून दिल्या. काहींनी मंगळसूत्रेही दिली. आणि लगेच १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले: चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडवायचे नाहीत. हेतू वाईट नव्हता. चोरटी आयात थांबावी, परकीय चलन वाचावे. पण ज्या हातांनी बांगड्या काढून दिल्या, त्याच हातांनी या नियमाकडे पाठ फिरवली. खरा घाव बसला तो सोनारांवर. पिढ्यान्पिढ्यांची कारागिरी एका फर्मानासरशी बिनकामाची झाली. किती कुटुंबे उघड्यावर पडली, आणि काहींनी जीव दिला. १९६६ साली चौदा कॅरटची अट निघाली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत पुस्तकात होता.

सोने तेच, बायका त्याच, सरकारही तेच. मग दोन महिन्यांत एवढा फरक का पडला? दिलेले आणि घेतलेले यांत जे अंतर आहे, ते सरकारने ओळखले नाही म्हणून. बांगडी देणारीने आपली बांगडी दिली होती. सोनाराची भट्टी विझवण्याचा अधिकार तिने कोणाला दिला नव्हता, आणि तो तिच्याजवळही नव्हता. एका बाबतीत मिळालेला होकार दुसऱ्या बाबतीत खर्ची घालता येत नाही.

कोणी म्हणेल, हा दोष माणसांचा. पुढारी निःस्वार्थी असला, स्वतः सोसणारा असला, म्हणजे असे व्हायचे नाही. यावर मला आफ्रिकेतल्या टांझानियाकडे बोट दाखवावेसे वाटते. ज्युलियस न्येरेरे यांना तिथले लोक ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. १९६६ साली या राष्ट्राध्यक्षाने स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कापून घेतला. ५ फेब्रुवारी १९६७ चा अरुशाचा जाहीरनामा निघाला, तेव्हा त्याला पाठिंबा द्यायला माणसे गावोगावांहून पायी चालत गेली. ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभाव. विखुरलेल्या वस्त्यांनी एकत्र गावात यावे, मिळून शेती करावी, तिथे शाळा आणि पाणी द्यावे, अशी कल्पना होती. सुरुवातीस सारे राजीखुशीवर होते. लोकांनी गुरुजींवर प्रेम केले, पण बहुतेकांनी आपली जुनी घरे सोडली नाहीत. तेव्हा १९७३ च्या नोव्हेंबरात विनंतीचा हुकूम झाला. १९७६ पर्यंत एक कोटीहून अधिक माणसे नव्या गावांत हलवली गेली. काही ठिकाणी जुनी घरे पाडली, जाळली. शेत एकीकडे आणि घर दुसरीकडे पडले; त्यात अवर्षण आले, आणि मका बाहेरून आणावा लागला.

न्येरेरे यांच्या काळात साक्षरता वाढली, शंभरावर जमातींचा देश एकसंध राहिला, आणि १९८५ साली ते आपण होऊन अध्यक्षपदावरून दूर झाले, हेही सांगितले पाहिजे. तिथे राज्यकर्ता लोभी नव्हता. अडचण दुसरीच होती. निवडणुकीत उमेदवार एकच, मतदाराने हो किंवा नाही एवढेच सांगायचे. शेकडा नव्वदाहून अधिक लोक हो म्हणत. ते हो गुरुजींना होते. पण सरकारने ते घर हलवण्याला लावले. प्रेमाने दिलेला होकार म्हणजे कोऱ्या कागदावरची सही असते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या हातून त्या कागदावर काय लिहिले जाईल, हे त्यालाही आधी ठाऊक नसते.

याच्या उलट, जिथे कोणी टाळी वाजवली नाही असा एक पाठिंबा महाराष्ट्राने दिला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवत असेल. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांचा आकडा १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास गेला. तेव्हा वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमीची कल्पना पुढे कायदा झाली. १९७७ साली तो संमत झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम मागण्याचा हक्क मिळाला. पैसा कुठला? १९७५ पासून शहरातल्या नोकरदाराच्या आणि धंदेवाल्याच्या खिशातून व्यवसाय कर जाऊ लागला, आणि त्यात सरकारने आपली भर घातली. पगारपत्रकातल्या त्या छोट्या वजावटीकडे कोणी कौतुकाने पाहिले नाही. कुरकुर मात्र पुष्कळ झाली. तरी ती वजावट टिकली. सत्ताधारी बदलले, योजना राहिली. २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हा अनुभव पुढे होता. योजनेत घोटाळे झाले नाहीत असे नव्हे. पण इथे होकार कोणा एकाच्या नावाला नव्हता. ज्याच्या ताटात होते त्याच्या ताटातून थोडे काढले गेले, आणि ज्याच्या ताटात नव्हते त्याला मागण्याचा हक्क मिळाला.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. परकीय चलन, खते, व्याजाचे दर ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही; त्याने भरवसा ठेवावा, दुसरे काय करणार? भरवसा ठेवावाच लागतो. वैद्याचे औषध आपण त्याचा ग्रंथ वाचून घेत नाही. पण वैद्यही आधी ‘कुठे दुखते’ हे आपल्यालाच विचारतो, आणि गुण आला नाही तर दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक आपल्याला असते. ज्याचे जळते त्याला कळते. सोनाराला चलनाचे शास्त्र कळत नसेल, पण आपली भट्टी विझली हे त्याला अर्थमंत्र्याच्या आधी कळले होते. त्याला बोलू देणे हा धोरणाला विरोध नव्हे; धोरण शहाणे होण्याची ती वाट आहे.

म्हणून होकार देताना मी चार गोष्टी पाहतो. मला नाही म्हणता येईल काय? जो सोसायला सांगतो तो स्वतः सोसतो काय? काम झाल्यावर हिशेब मिळेल आणि होकार परत घेता येईल काय? आणि मी ज्याला हो म्हणतो, त्याचा भार माझ्यावर पडतो की तिसऱ्याच कोणावर? पहिल्या तीन गोष्टी राज्यकर्त्याला विचारायच्या आहेत. चौथी ज्याची त्याने आपल्या मनाला. मला वाटते, आपण सुशिक्षित माणसे पहिल्या तीनांवर पुष्कळ बोलतो आणि चौथीपाशी घुटमळतो. कारण भरल्या पोटाने दुसऱ्याच्या उपासाला अनुमोदन देण्यात देशभक्तीचे समाधान फुकट मिळते.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे बळिराजाचे स्मरण करतात. पुराणांतला हा बहुधा एकच राजा असा, की पाताळात गेल्यावरही लोकांनी त्याचा पाठिंबा काढून घेतला नाही. त्याने शब्द दिला, आणि तो पाळण्यासाठी प्रजेचे नव्हे, स्वतःचे मस्तक पुढे केले. घरोघरच्या आया-बहिणी ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.’ हे शब्द नीट ऐकावेत. त्या ‘बळी येवो’ म्हणत नाहीत, बळीचे राज्य येवो म्हणतात. राजा त्यांना प्रिय आहे; पण मागणे आहे ते राज्याचे, म्हणजे इडा पिडा टळण्याचे. आणि ती आपल्याच घरची टळो असेही त्या म्हणत नाहीत.