आधी ऐक, मग सेल्फ मार

चि. मुक्ता,

तुझा फोन आला तेव्हा मामी फणसाचे गरे काढत होती, दोन्ही हातांना चीक, म्हणून बोलली नाही. रुसू नकोस. पण तिकडे नागपुरात सकाळी गाडी लागत नाही आणि ऑफिसच्या घाईत तू सेल्फवर सेल्फ मारतेस, हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

बाळा, २००४ची झेन आहे ती. तिच्यावर चिडू नकोस, आधी तिचं ऐक. चावी नुसती 'ऑन'वर आण. पंखा बंद, रेडिओ बंद. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक 'घूंऽऽ' यायला हवं. टाकीतला पंप इंजेक्टरसाठी पेट्रोलचा दाब तयार करतो, त्याचा तो आवाज. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायरिंग. पंप सगळ्यात शेवटी. आवाज आहे, तरी पहाटे लवकर लागत नाही? दोन-तीनदा चावी ऑन-ऑफ कर. मग पटकन लागली, तर रात्रीतून दाब उतरतोय. मेकॅनिकला एवढंच सांगितलंस तरी त्याचं अर्धं काम झालं. आणि सेल्फ नुसताच टक् टक् करत असेल तर बॅटरी बघ, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचलीय का तेही बघ.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. मागे माझी गाडी अशीच अडली, तेव्हा घाबरून मी नवा पंप बसवून घेतला. गाडी ढिम्म! शेवटी सापडली उंदराने कुरतडलेली वायर. मामी अजून टोमणे मारते.

कुंभार्ली घाटातली ती रात्र तुला आठवणार नाही, तू मागे झोपली होतीस. आपली जुनी आठशे, कार्बोरेटरची. मामीला स्टिअरिंगवर बसवलं, मी धक्का मारला, उतारावर लागली बिचारी. झेनच्या बाबतीत त्यावर विसंबू नकोस. हिच्या पंपाला, इंजेक्टरला, कॉम्प्युटरला वीज लागते. बॅटरी पार मेली तर ढकलून फक्त घाम येईल. सेल्फ मारण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसायची माझी सवयही उचलू नकोस, इंजेक्शनच्या गाडीत त्याने काही होत नाही.

आणखी एक. काटा रिझर्व्हवर टेकवून हिंडू नकोस. पंप पेट्रोलात बुडलेला असतो, त्यानेच गार राहतो. आणि तुमचा तो उन्हाळा! पेट्रोलचा वास आला तर मात्र चावी काढ, बाहेर ये, मेकॅनिकलाच बोलाव.

सेल्फ एका वेळी पाच-सहा सेकंद, मग अर्धं मिनिट दम. उद्या पाच मिनिटं आधी खाली उतर, आवाज येतो का ऐक, आणि कोणी काहीही बदलायला सांगितलं तरी आधी मला फोन कर.

तुझा,
मामा