फिलिपाचा हिशेब आणि आपल्या ताटातला भात



संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू फिलिपाला विचारतो, एवढ्या लोकांना पुरतील इतक्या भाकरी कुठून विकत आणायच्या? फिलिप लगेच भाव काढतो. दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी एकेकाच्या वाट्याला जेमतेम तुकडा येईल, असे त्याचे म्हणणे. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराचा एका दिवसाचा रोज. दोनशे दिवसांची मजुरी खर्चूनही कोणाचे पोट भरणार नाही! आपण हा भाग वाचताना चमत्काराकडे इतक्या घाईने जातो की हा हिशेब कानावरून निघून जातो. पण किराणा दुकानात पदराच्या गाठीतले पैसे मोजत उभी असलेली आई फिलिपाला लगेच ओळखील.

पवित्र शास्त्रात धान्याचा भाव आणखी एका ठिकाणी येतो. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार हातात तराजू घेऊन येतो, आणि दिवसभराच्या मजुरीत एका माणसाला पुरतील एवढेच गहू, नाहीतर त्याच्या तिप्पट जव मिळतील, अशी वाणी ऐकू येते. तेल आणि द्राक्षारस मात्र सुरक्षित राहतात. महागाई कोणाच्या ताटाला आधी हात घालते, हे संत योहानाने नेमके पाहिले होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. पाबळ ही काही भाताची जमीन नव्हे. भात पिकतो तो मावळ, मुळशी, भोरकडे, सह्याद्रीच्या पावसात. आपल्याकडे बाजरी, ज्वारी आणि पाऊस पडला तर कांदा. जुन्या माणसांना विचारा, भात हा सणासुदीला आणि पाहुणा आला की शिजायचा. १९७२ च्या दुष्काळात तर बाजरीही गेली. खडी फोडायला गेलेल्या आपल्या आया-बापांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे रेशनवर तांदूळ मिळू लागला आणि भात रोजच्या जेवणात आला. प्रार्थनेत आपण भाकर मागतो, पण संध्याकाळी मजुराच्या चुलीवर बहुधा भाताचेच पातेले असते. म्हणून तांदळाचा भाव हा आता कोकणातल्या माणसाइतकाच आपलाही प्रश्न आहे.

हा भाव किती दूरच्या गोष्टींनी हलतो पाहा. २००७-०८ साली भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात थांबवली, इतर काही देशांनीही हात आखडता घेतला, आणि जगाच्या बाजारात तांदूळ काही महिन्यांत जवळजवळ तिप्पट महागला. जगात तेव्हा तांदूळ संपला होता असे मुळीच नाही. जो तो आपली कणगी झाकू लागला, आणि भीतीनेच भाव चढला. २०२३ साली पुन्हा तेच. पाऊस ओढ देत होता, वर्षभरात देशात तांदूळ साडेअकरा टक्क्यांनी महागला होता, आणि २० जुलैला सरकारने पांढऱ्या बिगर-बासमती तांदळाची निर्यात बंद केली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. जगातल्या तांदूळ-निर्यातीचा सुमारे चाळीस टक्के वाटा एकट्या भारताचा, त्यामुळे आपण दार लोटले की दुसऱ्या कोणाची तरी चूल मंदावते.

त्यातला एक देश फिलिपाईन्स. बहुसंख्य लोक आपल्यासारखेच कॅथोलिक, तिन्ही वेळचे जेवण भाताचे. जगाला भाताचे नवे वाण देणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९६० पासून त्याच देशात, लॉस बान्योसला आहे. तरीही तो देश आज जगातल्या सर्वांत मोठ्या तांदूळ-आयातदारांपैकी एक आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील सरकारला तांदळाच्या भावासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. शेतात पीक असणे आणि गरिबाच्या ताटात अन्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण याची दुसरी बाजूही आपण भोगली आहे, आणि ती बोललीच पाहिजे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. त्याच वर्षी राज्याने दुष्काळी म्हणून जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत शिरूर आणि दौंड दोन्ही होते. कमी पाण्यात जगवलेला कांदा शहरात स्वस्त मिळावा म्हणून शेतकऱ्याच्या घरात भाव पडला. म्हणजे एकाच घरातली सून तांदूळ स्वस्त व्हावा म्हणून प्रार्थना करते आणि सासरा कांदा महाग व्हावा म्हणून. देवाने कोणाचे ऐकावे? मला वाटते, दोघांचेही म्हणणे न्याय्य आहे. खाणाऱ्याला स्वस्त द्यायचे तर त्याची किंमत सगळ्या समाजाने उचलावी, एकट्या पिकवणाऱ्याच्या माथी मारू नये. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या विश्वपत्रात अन्न आणि पाणी हे प्रत्येक माणसाचे हक्क मानावेत असे लिहिले आहे. हक्क म्हटला की तो पुरवण्याचे ओझे वाटून घ्यावे लागते.

आपल्या देशात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा हक्क लिहून दिला. पात्र कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे तसेच राहायचे आहे. म्हणून ‘फुकटचे खातात’ हे शब्द निदान ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाहीत. तितकेच स्पष्ट दुसरेही सांगतो. गरज नसताना कार्डावर धान्य उचलायचे आणि दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला विकायचे, हे पाप आहे. मग त्याला सगळेच करतात म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.

मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवा, अशी आज्ञा आहे. परक्या देशातून आलेली रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचूनच सासूला जगवत होती. आपल्याकडेही खळ्यावर आलेल्याला सूपभर दिल्याशिवाय रास घरी न्यायची नाही, अशी रीत होती. आता खळीच राहिली नाहीत, मळणी यंत्र तासाभरात काम उरकते. मग आजचा सरवा कोणता? कांदा काढायला आलेल्या बायकांचा रोज ठरवताना शेवटच्या वीस रुपयांसाठी ओढाताण न करणे, हा मला सरवाच वाटतो. बाहेरून आलेल्या मजूर कुटुंबाला या गावात कार्ड नाही, त्यांना आपल्या पोत्यातले दोन शेर देणे, हाही. लग्नात ताटेच्या ताटे फेकली जातात, त्याविषयी तर बोलायलाच नको. पाच हजार जेवल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या शब्दाने भाकरी वाढल्या, त्याने तुकडा वाया जाऊ दिला नाही.

आणि त्या मुलाच्या भाकरी जवाच्या होत्या, हेही विसरू नका. जव म्हणजे तेव्हाच्या गरिबाची बाजरी. प्रभूने गव्हाची वाट पाहिली नाही. आपल्या मातीत कमी पाण्यावर येणारी बाजरी आपण हलकी समजून मागे टाकली आणि पोरे भाकरीला नाक मुरडू लागली. तांदूळ महागला की मग आपल्याजवळ दुसरे काही नसते. जवळच्या अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाच्या कामात आयुष्य घातले. गावाने डोंगरावर चर खणले, पाणी जमिनीत मुरवले, की कोरडवाहू शिवारही घरापुरते पिकवते, हे त्या गावांतून दिसले आहे.

येत्या रविवारी मिस्सानंतर रेशनकार्डाचे काम करायला आपल्यातली कॉलेजची मुले बसतील. लहान मुलांची किंवा नव्या सुनांची नावे ज्यांच्या कार्डावर अजून चढलेली नाहीत, त्यांनी कार्ड आणि आधारची झेरॉक्स बरोबर आणावी. ज्या म्हाताऱ्यांचे अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, त्यांची नावे शेजाऱ्यांनी कळवावीत, म्हणजे कोणीतरी त्यांच्याबरोबर दुकानात जाईल.