नकाशावरची रेषा आणि मनातली रेषा

उपासक-उपासिकांनो, लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो. ही पेठ कशी वसली, ठाऊक आहे काय? १९४३ ते १९४८ या काळात तेथे, वळिवड्याला, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेले आणि १९४७ च्या फाळणीत सिंधला मुकलेल्या कुटुंबांना तेथे निवारा मिळाला. इंग्रज जाता जाता धर्माच्या नावाने देश चिरला गेला. लाखो माणसे घरादारास मुकली.

त्या वेळी आपल्या माणसांचे काय झाले? सिंधमधील अस्पृश्य सफाई कामगारांना ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून अडवून ठेवले गेले. मैला उचलायला ते हवे होते! डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून त्यांना इकडे आणण्याची मागणी केली. देशाचे दोन भाग झाले, झाडू मात्र दोन्हीकडे त्याच हातात राहिला. रेषा ओढल्याने जात मरत नाही.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला दिला तो धम्म. तो आणखी एक भिंत नव्हे. माणसामाणसांतली भिंत पाडण्याचा मार्ग आहे.

आता स्वतःला विचारा. त्रिशरण-पंचशील घेऊनही सोयरीक जुळवताना आपण पोटजात विचारतो ना? मग आपल्याच घरात फाळणी चालू आहे! पुढच्या वेळी बस्ता बांधाल, तेव्हा पोटजात न विचारता ठरलेल्या लग्नाचा बांधा. धम्मदीक्षा तेथे पुरी होईल.

जय भीम!