जिभेचा मोह आणि मनाचें स्वातंत्र्य

मनुष्याच्या नैतिक जीवनाचा विचार करूं लागलें म्हणजे सत्य, अहिंसा, न्याय असले मोठे प्रश्न डोळ्यांपुढें उभे राहतात. ताटांत काय वाढून घ्यावें हा प्रश्न त्यांच्या पंक्तीला बसविणें पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. परंतु मोठे प्रश्न सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत क्वचित् येतात. जिभेचा प्रश्न दिवसांतून चार वेळां येतो. रक्तांतील साखर वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणून एखादा गृहस्थ उद्यांपासून नीट जेवावयाचें ठरवितो. सकाळ निश्चयानें जाते, दुपारही बरी जाते. आणि सायंकाळीं बसस्थानकासमोरील कढईंतून भज्यांचा वास आला कीं निश्चय विरघळतो. रात्रीं तो स्वतःशीं म्हणतो, 'मी दुबळा आहें.' हा निवाडा खरा आहे काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चांगलें काय तें कळूनही मनुष्य त्याच्या उलट कसा वागतो, हा प्रश्न फार जुना आहे. सॉक्रेटिसाला हें अशक्यच वाटे. त्याच्या मतें चुकणाऱ्याला खरें ज्ञान झालेलेंच नसतें. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागांत हें मत उघड अनुभवाशीं जुळत नाहीं असें म्हटलें, आणि एक महत्त्वाचा भेद केला. एका मनुष्यास वासना होते, परंतु तो तिच्यामागें जात नाहीं. दुसऱ्यास ती वासनाच फारशी होत नाहीं. तो पहिल्याहून एक पायरी वर आहे. नव्यानें आहार सुधारूं पाहणारे आपण पहिल्या पायरीवर असतों आणि परीक्षा मात्र दुसऱ्या पायरीची देऊं पाहतों. जिलबी पाहून तोंडाला पाणी सुटलें, एवढ्यावरूनच आपण हरलों असें समजतों. वस्तुतः जेथें वासनाच नाहीं तेथें संयम कशाचा करावयाचा?

शिवाय ही वासना सर्वस्वीं आपणच निर्माण केलेली नसते. गोड, खारट आणि स्निग्ध पदार्थांची ओढ टंचाईच्या काळांत मानवजातीला उपकारकच होती. तो काळही फार दूरचा नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत आमच्या मराठवाड्यांतील माणसें खडी फोडावयास जात, परदेशांतून आलेला तांबडा मिलो खात, आणि कामावर मिळणारी सुकडी मुलांसाठीं पदरांत बांधून आणीत. त्या मुलांपैकीं पुष्कळजण आज आजोबा-आजी झाले आहेत. नातवाच्या हातावर वेफर्सचें चकचकीत पाकीट ठेवतांना त्यांच्या मनांत चैनीचा विचार नसतो. आपल्याला मिळालें नाहीं तें ह्याला मिळावें, एवढेंच असतें. 'खाऊ' ह्या आपल्या शब्दांत अन्नापेक्षां मायाच अधिक आहे. हल्लीं ज्याला सर्रास 'जंक फूड' म्हणतात तें आमच्या घरांत बहुधा ह्या मायेच्या दारानेंच शिरलें आहे.

ह्या ओढीचा हिशेब मांडून माल बनविणारा धंदाही आज उभा आहे. २०१९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २० माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कारखान्यांत सिद्ध झालेले पदार्थ, दोन आठवडे साधें अन्न, आणि दोन्ही वेळां हवें तितकें खाण्याची मोकळीक, असा तो प्रयोग होता. पुढें ठेवलेल्या अन्नांतील साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू ह्यांचें प्रमाण शक्य तितकें सारखें राखलें होतें. तरीही पहिल्या प्रकारच्या अन्नावर माणसें दररोज सुमारें ५०० कॅलरी अधिक खात, आणि दोन आठवड्यांत त्यांचें वजन जवळजवळ एक किलो वाढलें.

मग मनुष्याची जबाबदारी उरली कोठें, असा आक्षेप येथें कोणी घेईल. दोष पूर्वजांच्या भुकेचा आणि कारखानदाराच्या कसबाचा ठरला, तर संयमाचा उपदेश कोणाला करावयाचा? मला वाटतें, जबाबदारी नाहींशी होत नाहीं, तिची वेळ मात्र बदलते. कढईसमोर उभ्या असलेल्या भुकेल्या मनुष्याजवळ स्वातंत्र्य थोडेंच असतें. सकाळीं पिशवी घेऊन बाजारांत निघतांना, किंवा महिन्याच्या किराण्याची यादी करतांना, त्याच्याजवळ तें पुष्कळ असतें. जेथें स्वातंत्र्य अधिक तेथेंच जबाबदारीही अधिक. तेव्हां नीतीचा खरा प्रसंग यादी करतांना येतो. कढईसमोर आपण केवळ त्याचें फळ भोगतों.

हें तत्त्व आमच्या भूमीला नवीन नाहीं. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरांत दिगंबर जैनांचीं प्राचीन गुंफामंदिरें आहेत. ज्या परंपरेंतून तीं निर्माण झालीं तिनें आहाराच्या मानसशास्त्राचा फार बारीक विचार केला होता. तत्त्वार्थसूत्रांत सहा बाह्य तपें सांगितलीं आहेत. त्यांत अनशन आहे. भुकेपेक्षां कमी खाणें म्हणजे अवमौदर्य आहे. आणि दूध, दहीं, तूप, तेल, गूळ, मीठ अशा रसांपैकीं एक वा अनेक सोडणें, म्हणजे रसपरित्याग, हेंही आहे. परंतु मला सर्वांत मार्मिक वाटतें तें वृत्तिपरिसंख्यान. आहारासाठीं निघण्यापूर्वींच मुनि आपल्या मनाशीं मर्यादा ठरवितो. त्या मर्यादेंत मिळालें तर घेतो, न मिळालें तर परततो. अन्न पुढें आल्यावर मनाशीं वाद घालीत बसण्याची पाळीच तो येऊं देत नाहीं. मुनींचें तप गृहस्थाला झेपणार नाहीं, पण संकल्पाची ही वेळ त्यालाही साधतां येईल.

गृहस्थाश्रमी परंपरेनेंही आपल्या परीनें हें ओळखलें होतें. चातुर्मासांत कांदा वर्ज्य करणारीं घरें आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे नाना पदार्थ मनसोक्त खाऊन घेतात. इच्छेचा धिक्कार न करतां तिला चार महिन्यांसाठीं सन्मानानें निरोप द्यावयाचा, ही त्यामागील युक्ति. नियमाला मुदत असली कीं मन कबूल होतें. अर्थात् त्याच परंपरेंत 'एकादशी दुप्पट खाशी' हीही म्हण आहे. साबुदाणा हें कंदाचें निव्वळ पिठूळ सत्त्व. त्याचे वडे तळून खाल्ले म्हणजे उपास पाळला जातो, पण भुकेला आणि जिभेला काय शिकविलें? 'पौष्टिक' अशी अक्षरें छापलेल्या बिस्किटांनीं समाधान मानणारा आजचा आहारनिष्ठ मनुष्य ह्याच पंगतींतला होय.

गृहस्थानें ह्यावरून काय घ्यावें? पाकिटें घरांत आणून त्यांच्याशीं रोज झगडण्यापेक्षां तीं न आणणें सोपें. भुकेल्या पोटीं बाजारांत जाऊं नये. सायंकाळच्या घटकेसाठीं फुटाणे, शेंगदाणे, थंडींत हुरडा, असें कांहीं हाताशीं असावें. वडा किंवा जिलबी ह्यांना कायमचें हद्दपार न करतां त्यांचा वार ठरवावा, आणि त्या दिवशीं ते पदार्थ चौघांत बसून, सावकाश, निर्भयपणें खावे. जीभही शिकते. मीठ कमी केलें असतां कांहीं आठवडे अन्न अळणी लागतें. पुढें पूर्वींचीच भाजी खारट वाटूं लागते. ॲरिस्टॉटलची दुसरी पायरी ती हीच.

एक गोष्ट मात्र आमच्या उपदेशकांच्या नजरेंतून सुटते. ज्वारी हें परभणी जिल्ह्याचें जुनें अन्न. परभणीच्या कृषि विद्यापीठानें २०१८ सालीं लोह व जस्त अधिक असलेलें 'परभणी शक्ति' हें तिचें वाणही दिलें. तेव्हां भाकरीकडे वळा, असें सांगणें सोपें आहे. पण भाकरी थापणारे हात कोणाचे? गृहस्थ निश्चय करतो आणि गृहिणी दुहेरी स्वयंपाक करते. त्याचें पथ्य वेगळें, मुलांचें जेवण वेगळें, आणि सर्वांचें झाल्यावर ती स्वतः उरलेलें शिळें खाते. दुसऱ्याच्या श्रमांवर मिळविलेला संयम निम्माच म्हणावा लागेल. ज्याला नियम धरावयाचा असेल त्यानें निदान भाजी निवडावी, पीठ मळावें, आणि भाकरी थापावयासही शिकावें.

राहतां राहिला पश्चात्ताप. १९७५ सालीं हर्मन आणि मॅक ह्या मानसशास्त्रज्ञांनीं खाण्यावर नेहमीं निर्बंध घालणाऱ्या कांहीं व्यक्तींना आधीं दुधाचें गोड पेय दिलें, आणि मग हवें तितकें आइस्क्रीम चाखावयास सांगितलें. पोटांत पेय असल्यामुळें त्यांनीं कमी खावें, अशी कोणाचीही अपेक्षा असेल; पण पेय न घेतलेल्या व्रतस्थांपेक्षां त्यांनीं अधिकच खाल्लें. नियम एकदां मोडला कीं 'आजचा दिवस गेलाच' असें मन म्हणूं लागतें. पहिलें भजें वासनेनें खाल्लेलें असतें. पुढची सबंध पुडी निराशेनें संपते.

म्हणून रात्रीं स्वतःला दुबळा ठरविणाऱ्या त्या गृहस्थाचा निवाडा मला चुकीचा तर वाटतोच, पण घातकही वाटतो. त्यानें स्वतःला शिक्षा देऊं नये, उद्यांची यादी करावी, आणि पुढच्या जेवणाला नेहमींप्रमाणें बसावें. घरांतलीं मुलें आपला उपदेश ऐकत नसलीं तरी आपलें बसणें-उठणें पाहतच असतात. आणि त्यांच्या हातावर पाकिटाऐवजीं शेंगदाण्याचा लाडू ठेवला, तर खाऊमधील माया तिळभरही उणी होत नाहीं.